उत्क्रांती माकडापासून नको, माशापासून शिकवू या



आजचा विषय जरा हटके आहे. समुद्रातल्या शिंगाळा माशाची गुणसूत्रं. तुम्ही म्हणाल, वणीत समुद्र कुठून आला? आणि प्राथमिकच्या बाईंना गुणसूत्रांशी काय घेणंदेणं? विचारा, जरूर विचारा. पण लेख शेवटपर्यंत वाचा, कारण माझं म्हणणं माशाच्या निमित्ताने तुमच्या-माझ्या वर्गाबद्दलच आहे.

उत्क्रांती हा विषय आपल्या मुलांपर्यंत मुख्यतः दोन वाटांनी पोचतो. एक म्हणजे ते प्रसिद्ध चित्र. डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं ताठ, आणखी ताठ, आणि शेवटी उजवीकडे चालत निघालेला माणूस. दुसरी वाट म्हणजे गुणसूत्रांच्या संख्येचा तक्ता. मका २०, माणूस ४६, बटाटा ४८, हत्ती ५६, कुत्रा ७८. पाठ्यपुस्तकात असतो, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये असतो, आणि पोट्टे तो पाढ्यासारखा पाठ करतात. पहिल्यातून मुलांना वाटतं की उत्क्रांती ही शिडी आहे आणि आपण वरच्या पायरीवर उभे आहोत. दुसऱ्यातून वाटतं की गुणसूत्रं म्हणजे मार्क. मग एखादा हुशार पोट्टा विचारतोच, "बाई, बटाट्याले आपल्यापेक्षा दोन जास्त काहून?" आणि आपण म्हणतो, "ते तसंच असतं, लिहून घे."

ते "तसंच असतं" म्हणजे काय, ते समजावून सांगायला मला शिंगाळ्यासारखं दुसरं उदाहरण सापडलेलं नाही. म्हणून माझं मत आहे की उत्क्रांतीची सुरुवात माकडापासून करूच नये. माशापासून करावी.

आधी ओळख. आपल्या बाजारात मांगूर येतो, शिंगी येते. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशा, आणि कल्ल्यामागच्या परात काटा. शिंगीचा काटा लागला की हात किती ठणकतो ते भोई आणि ढिवर समाजातल्या मुलांना चांगलं ठाऊक असतं, आणि वर्गात हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारं पोरगं त्या दिवशी बाकीच्यांना शिकवतं. अशा मिशीवाल्या माशांच्या जगात तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक गोड्या पाण्यात राहतात. नदी, नाला, तळं, भातखाचर. खाऱ्या पाण्यात घर केलेली मुख्य कुळं दोनच. त्यातलं एक शिंगाळ्याचं. शास्त्रीय नाव एरिडी, जाती सुमारे दीडशे. मुंबई-कोकणच्या बाजारात शिंगाळा म्हणून जो विकतात तो हा. (गोड्या पाण्यातल्या एका मोठ्या माशालाही काही ठिकाणी शिंगाळाच म्हणतात. तो वेगळ्या कुळातला. नावाच्या साम्यावरून गोंधळू नका.)

आणि वणीचा समुद्राशी संबंध नाही असं कोण म्हणतं? आपल्या निर्गुडेचं पाणी वर्धेत जातं. वर्धेला पैनगंगा मिळते, पुढे वैनगंगा भेटली की तिचं नाव प्राणहिता होतं, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. भूगोलाच्या तासाला हे आपण नकाशावर बोट फिरवून दाखवतोच. त्या बोटाच्या एका टोकाला शिंगी आहे आणि दुसऱ्या टोकाला शिंगाळा. दोघं चुलत भावंडं. किती पिढ्यांमागची चुलत, हा खरा प्रश्न.

आता गुणसूत्रं. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा लांबच लांब धागा असतो. तो सुटा पडलेला नसतो, तुकड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो. हे तुकडे म्हणजे गुणसूत्रं. ते एरवी दिसत नाहीत. पेशी विभागायला निघाली की ते आखूड आणि जाड होतात आणि तेवढ्याच वेळात पकडता येतात. पकडण्यासाठी कोल्चिसिन नावाचं रसायन वापरतात, ते पेशीचं विभाजन मध्येच थांबवतं. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी असते ना, तिच्यातही हेच कोल्चिसिन असतं. म्हणूनच ती विषारी. फूल मुलांना लांबून दाखवा, हात लावू देऊ नका. माशाच्या बाबतीत बहुधा मूत्रपिंडाच्या किंवा कल्ल्याच्या पेशी घेतात, काचपट्टीवर पसरवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

मोजणं सोपं नसतं बरं. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं १९२३ पासून तीसेक वर्षं जगभर शिकवलं जात होतं. १९५६ मध्ये त्जिओ आणि लेव्हान या दोन शास्त्रज्ञांनी नीट मोजून ४६ सांगितली. तोपर्यंत नामांकित लोकही ४८ च मोजत होते, कारण पुस्तकात ४८ लिहिलं होतं! तक्ता पाठ करून घेण्याआधी ही गोष्ट मुलांना सांगायला काय हरकत आहे?

शिंगाळ्याच्या कुळातल्या दीडशे जातींपैकी थोड्याच जातींची गुणसूत्रं आजवर मोजून झाली आहेत. संख्या जवळपास सगळीकडे ५४ ते ५६ च्या आसपास येते. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या अनेक जातींमध्ये ५६, मेक्सिकोच्या आखातातल्या एका नेहमीच्या जातीत ५४. आपल्या शिंगीतही ५६. सगळ्या मिशीवाल्या माशांच्या पूर्वजाकडेही ५६ च्या आसपासच असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे.

इथे वर्गात थांबायचं आणि फळ्यावर लिहायचं: शिंगी ५६, हत्ती ५६. मग विचारायचं, म्हणजे हत्ती शिंगीचा भाऊ का? पोट्टे हसतात. हसू द्या. त्या हसण्यातच त्यांना कळलेलं असतं की नुसत्या आकड्यावरून नातं ठरत नाही आणि हुशारीही ठरत नाही.

मग कशावरून ठरतं? इथून पुढचा भाग मी सुतळी आणि मणी घेऊन करते. साहित्य दहा-वीस रुपयांचं. दहा मणी घ्या, त्यांच्यावर १ ते १० आकडे लिहा आणि क्रमाने सुतळीत ओवा. २ आणि ३ च्या मध्ये लाल दोऱ्याची एक गाठ मारा. ही माळ म्हणजे एक गुणसूत्र, मणी म्हणजे जनुकं आणि गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू. गाठीच्या एका बाजूला दोन मणी, दुसऱ्या बाजूला आठ. एक भुजा आखूड, एक लांब. आता १ नंतर कापा आणि ७ नंतर कापा. मधला तुकडा उलटा फिरवून परत जोडा. वाचा: १, ७, ६, ५, ४, ३, गाठ, २, ८, ९, १०. मणी तेच दहा. माळ एकच. पण गाठ सरकून जवळपास मध्यभागी आली, एका बाजूला सहा मणी आणि दुसऱ्या बाजूला चार. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला गुणसूत्राचा आकार बदललेला दिसेल. मोजणाऱ्याला मात्र काहीच बदललेलं दिसणार नाही.

शिंगाळ्याच्या कुळात नेमकं हेच सापडतं. आकडा फारसा हलत नाही, पण या जातीत मधोमध बिंदू असलेली गुणसूत्रं जास्त, त्या जातीत टोकाजवळ बिंदू असलेली जास्त, असा फरक पडतो. म्हणजे लाखो वर्षांत आतल्या आत तुकडे उलटत गेले, गाठी सरकत गेल्या, आणि वरून बेरीज तीच राहिली.

दुसरा प्रयोग. दोन माळा घ्या, दोन्हींची गाठ अगदी टोकाला. त्या गाठीपाशी एकमेकींना बांधा. दोन माळांची एक माळ झाली, गाठ मध्यभागी. मणी एकही हरवला नाही, फक्त मोजणी एकाने घटली. आता लक्षात ठेवा की गुणसूत्रं जोडीने असतात, अर्धी आईकडून आणि अर्धी वडलांकडून. दोन्हीकडच्या संचात असंच झालं तर एकूण दोन कमी होतात. ५६ चे ५४. एका जोडणीने एवढा फरक पडू शकतो! ५४ वाला मासा दोन गुणसूत्रांनी "गरीब" नाही. त्याचं सामान तेवढंच, गठ्ठे कमी. चाळीस वह्यांचे चार गठ्ठे बांधा नाहीतर पाच, वह्या चाळीसच.

आता मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारा भाग. गोड्या पाण्यातल्या मिशीवाल्या माशांमध्ये हा आकडा चिक्कार बदलतो. दक्षिण अमेरिकेत कोरिडोरस नावाचे बोटभर लांबीचे मासे आहेत, काचेच्या टाकीत पाळायला आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात. त्यांच्या जातींमध्ये गुणसूत्रं ४४ पासून १३४ पर्यंत! आपल्या देशी मांगुरात ५० आणि ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात त्या, खरं तर आफ्रिकेतून आलेल्या आणि पाळायला बंदी असलेल्या माशात ५६. मग समुद्रातला शिंगाळाच एवढा स्थिर काहून?

पक्कं उत्तर कोणाकडेच नाही, पण एक स्पष्टीकरण असं देतात, आणि ते समजायला वणीचा उन्हाळा पुरेसा आहे. एप्रिल-मे मध्ये निर्गुडा कशी दिसते आठवा. वाहती नदी राहत नाही, ठिकठिकाणी डोह उरतात. या डोहातला मासा त्या डोहात जाऊ शकत नाही. समजा एका डोहात पाच-पंचवीसच मासे उरले आणि त्यातल्या एकाच्या गुणसूत्रांत जोडणी किंवा उलटापालट झालेली असली. एवढ्याशा घोळक्यात ती नुसत्या योगायोगानेही पिढ्यान्पिढ्या पसरून सगळ्यांची होऊ शकते. आपला डोह पावसाळ्यात पुन्हा जोडला जातो. पण डोंगररांगेने, धबधब्याने किंवा नदीनेच पात्र बदलल्यामुळे हजारो वर्षं तुटलेली तळी आणि नाले असतात, तिथे ही संधी पुन्हा पुन्हा मिळते. समुद्रात तसं कमी होतं. तिथे घोळके मोठे, कुंपणं कमी, आणि एखाद्यात झालेला बदल गर्दीत विरून जातो. अर्थात हा नियम नाही, झुकाव आहे. मुलांना सांगताना "बहुतेक असं असावं" हे शब्द गाळू नका. विज्ञानात "बहुतेक" म्हणायला लाज वाटू नये. परीक्षेत ते चालत नाही, हा परीक्षेचा दोष.

मासा न खाणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी मी ताडोब्यातलं भेकर घेते. हो, तेच, कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरीण. त्याच्या मादीत फक्त ६ गुणसूत्रं आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत सगळ्यात कमी. हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञही चक्रावले होते, कारण त्याच्याच चुलत भावाला, चीनमधल्या भेकराला, ४६ असतात. दोघं शेजारी उभे केले तर आपल्यासारख्याला फारसा फरकही कळायचा नाही. म्हणजे बघा, शिंगी आणि हत्तीचा आकडा सारखा पण नातं फार लांबचं, आणि दोन भेकरांचं नातं जवळचं पण आकडा कुठल्या कुठे. मण्यांचा क्रम लावून पाहिला तर कळतं की चीनच्या भेकराचे अनेक तुकडे आपल्या भेकरात एकापुढे एक जोडले गेले आहेत. तीच दुसऱ्या प्रयोगातली माळ, फक्त खूप वेळा बांधलेली.

आणि कास्तकाराच्या मुलांसाठी कापूस आहेच. देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२. आज आपल्या शिवारात जे बीटी म्हणून लावतात ते बहुतेक सगळं ५२ वालं. इथे जोडणी नाही, उलटापालट नाही. इथे दोन वेगळ्या रानटी कापसांचे संच एकाच झाडात एकत्र आले, लाखो वर्षांपूर्वी. म्हणून देशी आणि अमेरिकनचा संकर केला तर झाड येतं पण त्याला सहसा बी धरत नाही, कारण जोड्या जुळत नाहीत. कापसावर वेगळा लेख होईल, इथे एवढंच.

आता मुद्द्याचं. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा देशभरातल्या १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये "आनुवंशिकता व उत्क्रांती" हा पहिलाच धडा आहे, ही समाधानाची गोष्ट. पण धडा पुस्तकात असणं आणि तो वर्गात शिकवला जाणं यात फरक आहे. तुम्ही-आम्ही खासगीत बोलतो तेव्हा कबूल करतो की हा धडा घाईत उरकला जातो. कारण शिकवायला घेतला की दुसऱ्या दिवशी एखादे पालक विचारतात, "बाई, तुम्ही म्हणे आम्हाला माकडाची अवलाद म्हणालात?" शिक्षकाला वाद नको असतो. मग प्रश्नोत्तरं लिहून दिली की झालं.

पालकहो, तुमचा रागही मी समजू शकते. शिडीचं चित्र बघितलं तर कोणालाही राग येईल, कारण ते चित्रच चुकीचं आहे. आजचं माकड आपला पूर्वज नाही. ते आपलं चुलत भावंड आहे, जसा शिंगाळा शिंगीचा. शिंगीने शिंगाळ्याला जन्म दिला असं कोणी म्हणत नाही, आणि समुद्रात गेला म्हणून शिंगाळा "पुढे गेला" असंही नाही. दोघांचा एक जुना पूर्वज होता, वाटा फुटल्या, दोघं आपापल्या पाण्यात बदलत राहिले. हे माशाबद्दल सांगितलं की कोणाच्याच घरी भांडण होत नाही.

मग माणसाकडे या. चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६. मुलांच्या हातात माळा असतातच. ती स्वतःच म्हणतात, "बाई, दोन माळा बांधल्या असतील!" आणि खरंच तसं आहे. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र हे चिंपांझीतल्या दोन वेगळ्या गुणसूत्रांसारख्या तुकड्यांचं टोकाला टोक लागून झालेलं आहे. एरवी गुणसूत्राच्या टोकाशीच असणाऱ्या खुणा आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधल्या भागात आजही सापडतात, जणू जुन्या शिवणीचा दोरा. ५६ चे ५४ होणं आणि ४८ चे ४६ होणं, हिशोब एकच.

काही सहकारी म्हणतात, हे नववी-दहावीचं, प्राथमिकला कशाला? मी चौथीत गुणसूत्र हा शब्दही काढत नाही. चौथीत फक्त बाजारातले मासे. कोणाला मिशा, कोणाला खवले, कोणाचा काटा लागतो, कोण कोणासारखं दिसतं, याचे गट पाडायचे. सातवी-आठवीत माळा. दहावीत धडा येईल तेव्हा त्या मुलांच्या डोळ्यांसमोर काहीतरी असेल. कोरड्या जमिनीत बी टाकण्यात काय अर्थ?

वेळ नाही, ही तक्रारही खरी आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, परीक्षांचे अहवाल यातून विज्ञानाच्या तासाला किती मिनिटं उरतात हे मला वेगळं सांगायला नको. पण मण्यांच्या दोन प्रयोगांना मिळून एकच तास लागतो. तक्ता पाठ करून घ्यायला, विचारायला आणि पुन्हा पाठ करून घ्यायला यापेक्षा जास्त जातो.

वर्गात शिंगाळ्याबद्दल सांगताना एक गोष्ट नक्की सांगा, मुलं ती विसरत नाहीत. या कुळात मादी मोठमोठी अंडी घालते, बोराएवढी म्हणा, आणि नर ती तोंडात धरतो. पिल्लं बाहेर येऊन पोहायला लागेपर्यंत, काही आठवडे. तेवढे दिवस तो जवळजवळ उपाशी असतो. अंडी हजारोंनी नसतात, काही डझनच असतात. म्हणून अंडी धरलेल्या नरांचा थवा एका मोठ्या जाळ्यात आला की पुढची पिढीच जाते. १९८० च्या आसपास कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं आणि मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यावर तेव्हाच इशारा दिला होता. ज्यांची गुणसूत्रं अजून कोणी मोजलेलीच नाहीत अशा जातींनाही तेच जाळं लागतं.

शेवटी हमखास येणारा एक प्रश्न, त्याची तयारी ठेवा. "बाई, शिंगाळा पुन्हा नदीत नाही येऊ शकत का?" येऊ शकतो, आणि आलाही आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या नद्यांमध्ये या कुळातल्या कितीतरी जाती आज कायमच्या गोड्या पाण्यात राहतात. पूर्वज नदीतले, मग समुद्र, मग पुन्हा नदी. शिडीच्या चित्रात ही वाट कुठे काढायची ते मुलांनाच फळ्यावर काढायला सांगा.